रंग बदलण्याचा अधिकार

विणकाम करणाऱ्या भगिनींना एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. स्वेटरसाठी लोकर घ्यावयाची तर ती सगळी एकदम, एकाच लॉटची घ्यावी. अर्ध्यात लोकर संपली आणि आणखी दोन गुंडे आणावे लागले, तर दुकानदार कितीही शपथेवर सांगो की रंग तोच आहे, उजेडात धरल्यावर एक बाही किंचित निराळी दिसतेच. पाहुण्यांच्या ते ध्यानात येत नाही. जिने ती विणली तिच्या नजरेतून मात्र ती बाही कधी सुटत नाही.

आता वाचकहो, असे समजा की हे विणकाम दोन महिन्यांचे नसून वीस-तीस वर्षांचे आहे, त्या लोकरीचा कारखाना जगात एकच आहे, आणि त्या कारखान्याने एके दिवशी तो रंग काढणेच बंद केले. त्याजागी जवळपास तसाच, पण तो नव्हे असा रंग बाजारात आणला. विणणाऱ्यांना आधी विचारले नाही. २००४ साली असे खरोखरच घडले. वस्तू लोकर नव्हती, खेळणे होते.

डेन्मार्क देशातील बिलुंड ह्या गावी ओले कर्क क्रिस्टियन्सन नावाच्या एका सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करावयास आरंभ केला. ‘नीट खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याच्या कारखान्याला लेगो हे नाव मिळाले. पुढे १९५८ साली एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांची जी रचना ह्या कारखान्याने सिद्ध केली, ती आजतागायत बदललेली नाही. त्या वर्षीची वीट आज बाजारातून आणलेल्या विटेवर बसते. ह्या एका गुणामुळे मुलांचे हे खेळणे अनेक प्रौढांचाही छंद होऊन बसले. चाळिशी-पन्नाशीची माणसे, कोणी अभियंते, कोणी शिक्षक, ह्या विटांचे किल्ले, गलबते, रेल्वेची स्थानके वर्षानुवर्षे रचीत राहिली. किल्ला करावयाचा म्हणजे करड्या विटा हव्यात, आणि त्याही शेकड्यांनी नव्हे, हजारांनी.

२००४ साली कारखान्याने फिका करडा, गडद करडा आणि तपकिरी असे तीन रंग बदलले. नवा करडा थोडा निळसर होता. खोका उघडून खेळावयास बसलेल्या सात वर्षांच्या मुलाला त्याचे काहीच वाटले नसते. ज्यांच्या घरी अर्धा किल्ला उभा होता त्यांना पहिल्याच विटेत फरक कळला. तटाची खालची बाजू एका रंगाची, वरची दुसऱ्या रंगाची! ही मंडळी संतापली. कोणी मिळतील तेथून जुन्या विटा गोळा करू लागले, कोणी नवे खोके न घेण्याचा निश्चय केला, आणि पुष्कळांनी कारखान्याला आपले दुःख कळविले. ते दिवस कारखान्याला फार कठीण होते; २००३ व २००४ ही दोन्ही वर्षे मोठ्या तोट्यात गेली. आपले खरे गिऱ्हाईक लहान मूल आहे, प्रौढ छांदिष्ट मूठभर आहेत, हा त्यांचा हिशेब आकड्यांच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. तरीही पुढे त्यांनी नेहमीच्या रंगांचा एक संच ठरवून तो स्थिर ठेवण्याचे मान्य केले, आणि २००५ पासून प्रौढ हौशी मंडळींच्या प्रतिनिधींशी नियमित बोलणे सुरू केले. बदललेला करडा मात्र परत आला नाही.

हे वाचून हसू येणे स्वाभाविक आहे. ज्या देशात कित्येक मुलांना एक चेंडूही मिळत नाही, त्या देशातील वाचकाने परदेशी प्रौढांच्या करड्या विटांसाठी हळहळावे काय? हळहळू नये. परंतु वस्तू क्षुल्लक आहे म्हणून तिच्यावरून उठलेला प्रश्नही क्षुल्लक आहे असे ठरत नाही. उलट जेथे पैशाचा, जमिनीचा किंवा अन्नाचा वाद मिसळलेला नसतो तेथे नीतीचा प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो. कारखान्याने कोणता करार मोडला? एकही नाही. रंग कायम राहील असे खोक्यावर कोठेही छापलेले नव्हते. कायद्याच्या दृष्टीने तक्रारीस जागा नव्हती. मग ज्यांना दुखावल्यासारखे वाटले ते केवळ लाडावलेले ग्राहक होते, असे म्हणावे काय?

मला तसे वाटत नाही. वचन शब्दांनीच दिले जाते असे नाही. ते वागणुकीनेही दिले जाते. जो कारखाना पंचेचाळीस वर्षे आपल्या गिऱ्हाइकाला दाखवून देतो की आज घेतलेली वीट तुझ्या नातवाच्या विटेवर बसेल, तो त्याला दीर्घ मुदतीने विचार करावयास शिकवितो. ‘तू रचीत राहा, मी पुरवीत राहीन’ असा तो अबोल संवाद असतो. एकाने त्या संवादावर विसंबून आयुष्याची दहा वर्षे घातल्यावर दुसऱ्याने ‘मी असे कधी म्हटलोच नव्हतो’ असे उत्तर देणे कायदेशीर असेल, सरळपणाचे नाही.

ही गोष्ट विटांपुरतीच असती तर तिच्यासाठी ह्या पानांतील जागा मागितली नसती. आपल्या देशात ह्याच प्रश्नाची फार मोठी परीक्षा कोलकाता शहरात झाली, आणि तीही खेळातील रंगावरूनच. तेथे रचणारे हजारांत नव्हते, लाखांत होते.

मोहन बागान हा फुटबॉलचा क्लब १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कोलकात्यात स्थापन झाला. त्याचे रंग हिरवा आणि मरून. बंगाली माणूस ‘सबुज-मेरून’ असे एका दमात म्हणतो. चिन्ह शीड उभारलेल्या नौकेचे. २९ जुलै १९११ रोजी ह्या क्लबाने आय.एफ.ए. शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट ह्या गोऱ्या पलटणीच्या संघाला दोन विरुद्ध एक असे हरविले. सत्ताधाऱ्यांच्या खेळात सत्ताधाऱ्यांचा पराभव करता येतो हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. शिवदास भादुरी हे कर्णधार होते. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले. एकट्याच्या पायांत बूट होते. ते सुधीर चॅटर्जी, आपले ख्रिस्ती बांधव, जे पुढे दीक्षा घेऊन रेव्हरंड झाले. अकरांतील बरेचसे मूळचे पूर्व बंगालचे होते. पुढे ज्या दुसऱ्या क्लबाशी मोहन बागानचे हाडवैर जडले तो पूर्व बंगालच्या लोकांचाच ‘ईस्ट बेंगॉल’, ही आणखी एक मौज.

हा ईस्ट बेंगॉल क्लब १९२० सालचा. त्याचे रंग लाल आणि सोनेरी. ते कसे ठरले ह्याची आख्यायिका अशी की, चौरंगीवरील व्हाइटअवे लेडलॉ ह्या मोठ्या दुकानात त्या रंगांचा एक शर्ट टांगलेला संस्थापकांच्या नजरेस पडला आणि आवडला. रंगाचा जन्म असा बहुधा योगायोगाचा असतो. त्यात कोणतेही गूढ नसते. त्याचा अर्थ नंतर, माणसांच्या आयुष्यांतून साठत जातो. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या निर्वासिताने लाल-सोनेरी झेंडा हाती घेतला, तेव्हा दुकानातल्या त्या शर्टाचा त्याच्याशी काही संबंध उरला नव्हता. आज मोहन बागान जिंकला की कोळंबी आणि ईस्ट बेंगॉल जिंकला की हिलसा, हे कोलकात्याच्या मासळीबाजाराचेही गणित झाले आहे.

अशा शहरात १६ जानेवारी २०२० रोजी एक घोषणा झाली. मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीचे ८० टक्के भाग संजीव गोयंका ह्यांच्या उद्योगसमूहाने घेतले. जुन्या क्लबाकडे २० टक्के राहिले. ह्या समूहाचा कोलकात्यात आधीपासूनच एक संघ होता. २०१४ साली स्पेनमधील आतलेतिको माद्रिद ह्या क्लबाच्या भागीदारीत निघालेला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा हा संघ पुढे ए.टी.के. ह्या तीन अक्षरांनी ओळखला जाऊ लागला. आता दोन्ही संघ एक होणार होते. सहा वर्षांचा एक आणि एकशेतीस वर्षांचा दुसरा. नाव काय राहणार, रंग कोणता राहणार, नौका राहणार की जाणार, ह्याबद्दल सहा महिने लोकांचा जीव टांगणीला लागला. १० जुलै २०२० रोजी निर्णय झाला: जर्सी हिरवी-मरूनच राहील, नौकाही राहील, नाव मात्र ‘ए.टी.के. मोहन बागान’ होईल, आणि ती तीन अक्षरे नौकेच्या चिन्हावरही येतील.

येथे उद्योगसमूहाची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण भावनेच्या भरात ती हटकून विसरली जाते. २०१९ पासून इंडियन सुपर लीग ही देशातील सर्वोच्च स्पर्धा ठरली होती. तिच्यात उतरावयाचे तर दरसाल मोठा पैसा लागतो. तो क्लबाच्या तिजोरीत नव्हता, आणि गॅलरीत बसून गाणी म्हणणाऱ्यांच्या खिशातही नव्हता. जुना क्लब मान्यवर म्हातारा होऊन खालच्या पायरीवर बसला असता. ज्याने पैसा ओतला त्याला आपले नाव दिसावेसे वाटले, तर त्यात अघटित असे काही नाही. मंदिरांच्या पायऱ्यांवर आणि चर्चच्या बाकांवरही देणगीदारांची नावे आपण वाचतोच. शिवाय असे प्रथमच घडत होते असेही नाही. १९९८ साली मद्य बनविणाऱ्या एका कंपनीचे नाव मोहन बागानच्या नावापुढे लागले होते, आणि त्याच उद्योगसमूहाचे दुसरे नाव ईस्ट बेंगॉललाही. बाकावर नाव आणि वेदीवर नाव ह्यांत अंतर आहे, एवढेच समर्थकांचे म्हणणे होते.

समर्थकांनी ते म्हणणे तीन वर्षे सोडले नाही. ‘ती तीन अक्षरे काढा’ ही एकच मागणी फलकांवर, मैदानांत, मोर्चांत दिसत राहिली. काहींनी सामन्यांकडे पाठ फिरविली. मनाला चटका लावणारी बाब ही की संघ चांगला खेळत होता. हरणाऱ्या संघाच्या मालकावर रागावणे सोपे असते. जिंकणाऱ्याच्या मालकाला ‘आम्हांला हा विजय असा नको’ असे म्हणणे अवघड. १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, हा संघ बंगळूरूला हरवून अजिंक्य ठरला, आणि त्याच रात्री गोयंका ह्यांनी घोषणा केली की पुढच्या हंगामापासून ती अक्षरे जातील व संघ ‘मोहन बागान सुपर जायंट’ म्हणून ओळखला जाईल. त्याच वर्षीच्या २० मे रोजी ह्याच मालकांच्या लखनौच्या क्रिकेट संघाने ईडन गार्डन्सवर हिरवी-मरून जर्सी घातली. कोणी म्हणाले हा आदर आहे, कोणी म्हणाले हा व्यापार आहे. मला वाटते, दोन्ही असावे.

मालक जिंकून देतो, मग रंगाचे काय एवढे, हा युक्तिवाद वेल्समधील कार्डिफ शहराने अधिक उघडपणे अनुभवला. तेथील क्लब शंभराहून अधिक वर्षे निळ्या रंगात खेळत आला होता. त्याचे लाडके नावच ‘निळे पक्षी’. मलेशियाचे मालक व्हिन्सेंट टॅन ह्यांनी २०१२ साली तो रंग लाल केला. आशियात लाल रंग शुभ आणि बाजारात खपणारा, असा त्यांचा विचार. पैसा आला, संघ बळकट झाला, आणि २०१३ साली लाल जर्सीतच तो इंग्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेत पोहोचला. काही समर्थकांनी मन घट्ट करून लाल पत्करला. काही जण आपल्याच मैदानावर, आपल्याच संघाच्या विजयात, निळा मफलर गुंडाळून निषेधकर्त्यासारखे बसले. जानेवारी २०१५ मध्ये टॅन ह्यांनी निळा परत दिला. एकोपा राखण्याविषयी आपल्या मातोश्रींनी आपल्याला समजावले असे त्यांनी सांगितले. त्या निळ्या मफलरवाल्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याने काहीही बदलले नव्हते. तो जेथे बसत होता तेथेच बसला होता, आणि तरी एका सकाळी तो परका ठरला.

माझ्या मते अन्यायाचे मर्म येथे आहे. बदल लहान की मोठा ह्यावरून त्याची नैतिक पारख होत नाही. करड्या रंगाची छटा बदलणे हा अगदी लहान बदल. पण त्याने लोकांच्या हातच्या जुन्या भिंती निकामी झाल्या. ह्याउलट मोहन बागानच्या इतिहासात एक फार मोठा बदल कोणाच्या तक्रारीवाचून होऊन गेला. १९११ चा संघ जवळजवळ संपूर्ण अनवाणी होता, आणि अनवाणी पायांनी बुटांना हरविले हाच त्या विजयाचा मोठा अभिमान होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही भारताचे बरेचसे खेळाडू अनवाणीच उतरले. त्यांचे कर्णधार तालिमेरेन आव हे मोहन बागानचे खेळाडू, नागा टेकड्यांतील एका पाळकाचे पुत्र. आज अनवाणी खेळणारा एकही खेळाडू नाही, आणि त्याबद्दल कोणी फलक धरीत नाही. असे का व्हावे? त्या अकरांतच बूट घातलेले एक पाऊल होते, आणि ते त्याच जर्सीत होते. नवे आले ते जुन्याच्या शेजारी उभे राहून आले. जुन्याला त्याने ‘तू आता आमचा नाहीस’ असे म्हटले नाही. सुधीर चॅटर्जींच्या बुटांनी शिवदास भादुरींचे पाय चुकीचे ठरविले नाहीत.

म्हणून रंग बदलू पाहणाऱ्याला, मग तो कारखानदार असो, उद्योगपती असो की संस्थेचा विश्वस्त, एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे: तुझ्या नव्याशेजारी आमचे जुने उभे राहू शकेल काय? लेगोच्या करड्या विटा ह्या कसोटीला उतरल्या नाहीत. कार्डिफचा लाल तर मुळीच नाही. २०२० चा कोलकात्याचा निर्णय अर्धा उतरला. जर्सी राखली म्हणून १९११ च्या तसबिरीशेजारी नवा खेळाडू उभा राहू शकला, पण नौकेवरील अक्षरांनी त्यांच्यात एक तिऱ्हाईत आणून उभा केला. आणि दुसरे असे की विचारणे फुकट असते. बदल अटळ असला तरी रचणाऱ्याला आधी सांगता येते, म्हणजे तो आपला तट कोठे थांबवावयाचा ते ठरवू शकतो.

परंतु ८० टक्क्यांच्या मालकाला एवढे सुनावल्यावर उरलेल्यांकडेही वळले पाहिजे. प्रेमामुळे हक्क मिळतो, हे मला मान्य नाही. हक्क मिळत असेल तर तो त्या वस्तूत घातलेल्या वर्षांमुळे. बाप मुलाला खांद्यावर बसवून मैदानावर नेतो, तोच मुलगा पुढे म्हाताऱ्या बापाला हात धरून नेतो. ही वर्षे कोणत्याही भागपत्रात नोंदलेली नसतात, म्हणून ती विकतही घेता येत नाहीत. पण वर्षे घातली म्हणून वस्तू आपली झाली, असे मानणाराही एक लहानसा मालकच होऊन बसतो. १९७५ च्या शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बेंगॉलने मोहन बागानला पाच गोलांनी हरविले, तेव्हा एका तरुण समर्थकाने आपला जीव दिला. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ह्याच दोन क्लबांच्या सामन्यात दंगल होऊन १६ प्रेक्षक मेले. सामना पाहावयास गेलेली सोळा माणसे! ख्रिस्ती वाचकाच्या ओठांवर येथे मूर्तिपूजा हा शब्द येईल, आणि त्या दिवसापुरता तो कठोर वाटू नये. रंगाशी एकनिष्ठ राहणे आणि रंगाला माणसाचा बळी देणे ह्यांच्यामधील रेघ गॅलरीत बसलेल्या माणसाला वेळेवर दिसत नाही.

ती कधी कधी दिसतेही. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका शिकाऊ महिला डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. तालिमेरेन आव ज्या कारमायकेल महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाले, तेच हे महाविद्यालय. १९४८ साली त्याचे नाव बदलले. सारे शहर रस्त्यावर उतरले होते. १८ ऑगस्ट रोजी ड्युरंड कपमधील मोहन बागान व ईस्ट बेंगॉल ह्यांचा सामना ठरला होता. बंदोबस्ताला पुरेसे पोलीस देता येत नाहीत ह्या कारणाने तो रद्द करण्यात आला. तरीही त्या रविवारी दोन्ही क्लबांचे समर्थक, आणि त्यांच्याबरोबर मोहमेडन स्पोर्टिंगचेही, सॉल्ट लेकच्या मैदानाबाहेर जमले. ते आपापल्या जर्सीत आले होते. कोणीही आपला रंग घरी ठेवला नव्हता. सर्वांची घोषणा एकच होती, त्या मुलीला न्याय मिळावा. पोलिसांनी लाठ्या चालविल्या, काहींना पकडून नेले. त्या संध्याकाळी हिरवी-मरून जर्सी घातलेल्या एकाने लाल-सोनेरी जर्सीतल्या दुसऱ्याला खांद्यावर घेतले होते. आत मैदान रिकामे होते.